घराच्या व्यवहारात घरच्या बाईने बसावे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज मला चार शब्द बोलायला उभे केले आहे ते आपल्या चिटणीसबाईंच्या आग्रहामुळे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भाषणाची सवय नाही. परंतु गेल्या काही वर्षांत आपल्या आळीतल्या पाच-सहा बिऱ्हाडांनी भाड्याची खोली सोडून स्वतःचे घर घेतले, आणि त्या बहुतेक वेळी सोबतीला म्हणून मी वकिलाकडे, बँकेत, नोंदणी कचेरीत गेले. तेथे बाकावर बसून जे ऐकले आणि पाहिले, त्यातले उपयोगाचे तेवढे आपल्यापुढे ठेवते.

घर पाहावे बांधून, अशी आपली जुनी म्हण आहे. ती झाली तेव्हा माणसे जागा घेत, गवंडी बोलावीत आणि समोर उभे राहून वीट रचून घेत. आता आपण बांधलेले, किंवा पुष्कळदा न बांधलेलेच, घर विकत घेतो. पूर्वी ब्लॉक म्हणत, आता फ्लॅट म्हणतात. भिंत आपल्यासमोर उठत नाही; आपल्यासमोर येतात ते कागद. म्हणून घर पारखायचे म्हणजे कागद पारखायचे. आणि नेमक्या याच वेळी आपण बायका उठून चहा टाकायला आत जातो.

भगिनींनो, एक साडी घ्यायची तर आपण चार दुकाने पालथी घालतो. पदर उलगडून उजेडात धरतो, काठ ओढून पाहतो. कोथिंबिरीची जुडी घेताना मधली पाने पिवळी नाहीत ना, हे बघतो. आणि वीस वर्षे ज्याचे पैसे फेडायचे, त्या घराच्या करारावर "येथे सही करा" म्हटले की सही करतो! तुम्ही सगळ्या हिशेबी बायका आहात. तोच हिशेब घराला लावा, एवढेच मला आज सांगायचे आहे.

प्रथम पैशाचे बोलू. बिल्डरच्या कचेरीत जो आकडा सांगतात, तो घराचा पुरा आकडा नव्हे. समजा घर चाळीस लाखांचे आहे. त्यावर मुद्रांक शुल्क, म्हणजे आपण स्टँप ड्युटी म्हणतो ते, आपल्या बाजूच्या शहरांत साधारण सहा ते सात टक्के पडते. नोंदणी फी एक टक्का, पण जास्तीत जास्त तीस हजार. बांधकाम चालू असेल तर जीएसटी. भोगवटा दाखला मिळालेल्या तयार घराला तो लागत नाही. शिवाय सोसायटीची अनामत, एक-दोन वर्षांचा देखभाल खर्च आगाऊ, विजेचा मीटर, खिडक्यांच्या जाळ्या, पंखे, ओटा. चाळीस लाखांचे घर चव्वेचाळीस लाखांच्या आसपास जाते. एवढ्या घराला बँक फार तर ऐंशी टक्के, म्हणजे बत्तीस लाख कर्ज देते, आणि मुद्रांक व नोंदणीचा खर्च त्यात धरीत नाही. म्हणजे बारा लाख रुपये आपल्या गाठीला हवेत. ही बेरीज आधी न केल्यामुळे माणसे ऐन वेळी भिशी मोडतात, दागिने गहाण टाकतात, नातेवाइकांचे उसने घेतात, आणि हप्त्याबरोबर ती उसनवारीही वर्षानुवर्षे चालते.

आता कर्जाचे. बत्तीस लाख रुपये नऊ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतले तर महिन्याचा हप्ता सुमारे अठ्ठावीस हजार आठशे रुपये येतो. वीस वर्षांत आपण सुमारे एकोणसत्तर लाख भरतो. पहिल्या महिन्याच्या हप्त्यातले चोवीस हजार व्याजात जातात आणि मुद्दलात जेमतेम पावणेपाच हजार. म्हणून सुरुवातीच्या वर्षांत जास्तीचे भरलेले पैसे फार उपयोगी पडतात. दरवर्षी एक हप्ता जादा भरला आणि व्याजाचा दर तोच राहिला, तर हे कर्ज सुमारे साडेतीन वर्षे आधी फिटते. बदलत्या व्याजाच्या घरकर्जाला असे आधी पैसे भरल्याबद्दल दंड लावता येत नाही. दिवाळीचा बोनस आला की ही गोष्ट आठवा.

दुसरे असे, की व्याज वाढले तरी बँक पुष्कळदा हप्ता तोच ठेवते आणि मुदत लांबवते. मे २०२२ पासून फेब्रुवारी २०२३ पर्यंत रिझर्व्ह बँकेने आपला दर चार टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर नेला, तेव्हा अनेकांची कर्जे अशीच लांबली. हप्ता तोच कापला जात होता, म्हणून घरात कोणाच्या लक्षात आले नाही. वर्षातून एकदा कर्जाचा उतारा मागून घ्या आणि किती हप्ते उरले तेवढा आकडा पाहा. मागच्या वर्षापेक्षा बारा कमी झाले असतील तर ठीक. नसतील तर बँकेत जाऊन विचारा. हप्ता वाढवायचा की मुदत, हे विचारण्याचा आपला हक्क आहे.

पैशानंतर जागा. येथे मी आपल्या कल्याण-डोंबिवलीचेच उदाहरण देते, कारण ते आपल्या डोळ्यांसमोरचे आहे. येथल्या पासष्ट इमारतींना महापालिकेच्या बांधकाम परवानगीचे बनावट कागद दाखवून महारेराचे क्रमांक मिळवले गेले, हे २०२२ साली उघडकीला आले. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या इमारती पाडण्याचा आदेश दिला. आत राहणारी माणसे तुमच्याआमच्यासारखीच, बँकेची कर्जे काढून घर घेतलेली. रेराचा क्रमांक आहे, बँकेने कर्ज दिले, नोंदणीही झाली, मग आता काय बघायचे, असे त्यांना वाटले तर त्यात नवल नव्हते. पण त्यावरून आपण एवढे शिकावे, की एक कागद दुसऱ्या कागदाची खात्री देत नाही. प्रत्येक कागद जेथून निघाला असे म्हणतात, तेथेच जाऊन विचारावा.

बांधकामाची परवानगी महापालिकेच्या नगररचना विभागातून निघते. परवानगीचा क्रमांक आणि तारीख लिहून घ्या आणि तेथे विचारा. तोंडी उत्तर मिळाले नाही तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. जमीन कोणाच्या नावावर आहे हे सातबारावर किंवा शहरात मिळकत पत्रिकेवर पाहावे. त्यावर मागच्या तीस वर्षांच्या नोंदी वकिलाकडून तपासून घ्याव्या. त्याला सर्च रिपोर्ट म्हणतात. वकील आपला असावा. बिल्डरने सुचवलेला वकील बिल्डरचे काम करतो. वकिलाची फी जड वाटते खरी, पण चाळीस लाखांच्या व्यवहारात ती ताटातल्या मिठाएवढी आहे.

महारेराचे संकेतस्थळ मात्र जरूर पाहा. रेरा कायद्यातल्या बिल्डरवरच्या मुख्य अटी १ मे २०१७ पासून लागू आहेत, आणि ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात घरांच्या जाहिरातीवर चौकोनी क्यूआर कोड छापावा लागतो. मोबाइल त्याच्यावर धरला की त्या इमारतीची माहिती उघडते. ताबा कधी द्यायचे कबूल केले आहे, नकाशा कोणता, कोर्टकज्जे आहेत का, हे तेथे असते. तुम्हाला जमत नसेल तर कॉलेजात जाणाऱ्या मुलीला बसवा. पण शेजारी बसून स्वतः वाचा.

जागेच्या मापाविषयी एक शब्द. बिल्टअप, सुपर बिल्टअप अशी मापे सांगून जिना, लिफ्ट, बाहेरच्या भिंती, सगळे आपल्या पदरात घातले जात असे. रेरा कायद्याने आता कार्पेट, म्हणजे चटई क्षेत्रावरच विक्री करायची आहे. त्यात आतल्या भिंती धरतात, बाहेरच्या भिंती व बाल्कनी धरीत नाहीत. करारात तोच आकडा पाहा. उघड्यावरची गाडीची जागा बिल्डरला विकता येत नाही, तीही कोणी गळ्यात मारू नये.

घर बघायला शक्यतो दोनदा जा. एकदा भर पावसाळ्यात, म्हणजे वरच्या मजल्याची ओल, गच्ची आणि रस्त्यावर साचणारे पाणी दिसेल. एकदा सकाळी सहा-सातला, म्हणजे नळाला पाणी किती वेळ आणि कोणत्या मजल्यापर्यंत येते ते कळेल. तेथल्या बायकांना विचारा. टँकर येतो का, कितीदा येतो, हे त्या जितके खरे सांगतील तितके दलाल सांगणार नाही.

आता करार. "आज टोकन भरा, उद्या भाव वाढेल," ही बोली सगळीकडे ऐकू येते. नोंदणीकृत करार होण्याआधी किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा अधिक रक्कम बिल्डरला घेता येत नाही, हे लक्षात ठेवा. जे काही द्याल ते चेकने द्या आणि पावती घ्या. करार घरी आणून दोन दिवस वाचा. ताब्याची तारीख, कार्पेट क्षेत्र, मजला, नंबर, उशीर झाला तर व्याज, या पाच गोष्टींखाली पेन्सिलीने रेघ ओढा. सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत तो नोंदवायला द्यावा लागतो. नोंदणी झाली की इंडेक्स दोन नावाचा एक पानी उतारा मिळतो. त्यात घर, किंमत आणि नावे असतात. माझ्यासारख्या सातवी झालेल्या बाईलाही तो कळतो. तो स्वतः वाचल्याशिवाय कपाटात ठेवू नका.

ताबा घेताना भोगवटा दाखला, ज्याला ओसी म्हणतात, तो मागा. किल्ली मिळाली म्हणजे झाले असे नाही. दाखला नसेल तर पाण्याच्या जोडणीपासून पुढे घर विकण्यापर्यंत अडचणी उभ्या राहतात. ताब्यानंतर पाच वर्षांच्या आत बांधकामातला दोष निघाला तर तो बिल्डरने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या.

जुने घर घेत असाल तर आणखी सांभाळा. पहिल्या मालकापासूनचे सगळे मूळ करार, सोसायटीचा शेअर दाखला, सोसायटीची बाकी नसल्याचे पत्र, घरपट्टीची आणि विजेची शेवटची पावती, आणि विकणाऱ्याने कर्ज काढले असेल तर बँकेचे कर्ज फिटल्याचे पत्र, एवढे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

भगिनींनो, आता मी मुख्य गोष्टीकडे येते. ती नावाची.

आमच्या ओळखीच्या एका बाईंची हकीगत आहे. घर घेताना पैसे कमी पडले म्हणून त्यांनी माहेरच्या पाटल्या आणि गोठ विकले. बँकेत यजमानांच्या शेजारी बसून सह-कर्जदार म्हणून सही केली. करार मात्र यजमानांच्या एकट्याच्या नावे झाला. तेव्हा कोणाच्या मनात वाईट नव्हते. सहा वर्षांनी यजमान अकस्मात गेले. बँकेने हप्ता बाईंकडे मागितला, कारण सही होती. घर मात्र त्यांचे एकटीचे नव्हते, कारण नाव नव्हते. मृत्युपत्र नव्हते. अशा वेळी हिंदू वारसा कायद्याप्रमाणे बायको, प्रत्येक मुलगा, प्रत्येक मुलगी आणि मृताची आई यांचा सारखा हिस्सा होतो. सासूबाई दुसऱ्या मुलाकडे राहात होत्या. पुढे काय झाले असेल ते मी सांगायला नको. दोन वर्षे त्या बाई कचेऱ्या चढत-उतरत होत्या, आणि दर महिन्याच्या पाच तारखेला हप्ता भरत होत्या.

म्हणून नीट ध्यानात घ्या. कर्जाच्या कागदावर सही करणे म्हणजे कर्ज आपल्या डोक्यावर घेणे. त्या सहीने घर आपले होत नाही. घर आपले व्हायचे तर करारनाम्यावर खरेदीदार म्हणून आपले नाव हवे. सोसायटीच्या दाखल्यावर नुसते सहयोगी सभासद म्हणून नाव घातले, तेवढ्यानेही मालकी येत नाही. नॉमिनीचेही तसेच. नॉमिनी म्हणजे मालक असे पुष्कळांना वाटते. पण नॉमिनी वारसांच्या वतीने घर सांभाळतो, हक्क वारसांचाच राहतो.

सरकारनेही यात हात दिला आहे. १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात राहते घर केवळ बाईच्या नावावर घेतले तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. चाळीस लाखांच्या घराला चाळीस हजार रुपये वाचतात. आधी असे घर पंधरा वर्षे पुरुषाला विकता येत नव्हते. ती अट २०२३ मध्ये निघाली. दोघांच्या नावावर घेतले तर सवलत मिळत नाही. पण सवलत गेली तरी चालेल, दोघांची नावे असावीत, असे मला वाटते. ज्या घरात बाईचे सोने गेले आणि घाम गेला, त्या घराच्या कागदावर तिचे नाव असणे यात कोणाचा मान जात नाही.

नावाबरोबर आणखी दोन गोष्टी करा. एक मृत्युपत्र. ते साध्या कागदावरही होते, दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, नोंदणी सक्तीची नाही. मृत्युपत्राचे नाव काढले की घरात अभद्र बोललीस म्हणून रागावतात. पण छत्री घेतली म्हणून पाऊस येत नाही. दुसरी गोष्ट, कर्जाच्या रकमेएवढा साधा मुदतीचा विमा, टर्म म्हणतात तो, मिळवत्या माणसाच्या नावे काढा.

घर झाल्यावरही मालकाचे काम सुरूच असते. महिन्याची सोसायटीची वर्गणी ही भाड्यासारखी कटकट समजू नका. त्यातूनच इमारतीची डागडुजी आणि पुढच्या मोठ्या दुरुस्तीचा निधी होतो. वर्गणी कमी ठेवली म्हणून ज्या कमिटीची वाहवा होते, त्या इमारतीला दहा वर्षांनी एकदम लाख लाख रुपये काढावे लागतात. गच्चीची किंवा बाहेरच्या नळांची गळती सोसायटीने दुरुस्त करायची, आपल्या घरातल्या नळाची आपण. स्वयंपाकघर मोठे करण्यासाठी खांब किंवा तुळई तासू नका. वरच्या सहा बिऱ्हाडांचा भार त्यावर आहे. आणि वार्षिक सभेला जा. जमीन बिल्डरकडून सोसायटीच्या नावावर झाली आहे का, हा एक प्रश्न तेथे उभे राहून विचारा. झाली नसेल तर जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करून डीम्ड कन्व्हेयन्स करून घेता येते. उद्या इमारत जुनी होऊन नवी बांधायची वेळ आली की हाच कागद आधी मागतात.

कर्ज फिटले की मूळ कागद परत घ्यायला विसरू नका. बँकेने ते तीस दिवसांत द्यायचे असतात. १ डिसेंबर २०२३ पासून तिच्याकडून उशीर झाला तर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई आहे.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळे आपण विचारायला लागलो तर घरची मंडळी म्हणतील, आमच्यावर विश्वास नाही का? असे कोणी म्हणाले तर शांतपणे सांगावे, "अहो, विश्वास आहे म्हणून तर सही करते. पण वाचून करते." पुष्कळदा पुरुषांनाही या कागदांची धास्ती असते, आणि कोणी शेजारी बसून दोन ओळी मोठ्याने वाचल्या तर त्यांनाही धीर येतो. मी स्वतः हे दोन घरांत पाहिले आहे.

शेवटी मंडळाला एक विनंती. श्रावणात आपण पाककृतींचे वर्ग घेतो, संक्रांतीला हळदीकुंकू करतो. तशी वर्षातून एक दुपार घराच्या कागदांसाठी ठेवावी. ज्यांचे घर झाले आहे त्यांनी आपला इंडेक्स दोन आणावा आणि त्यात आपले नाव आहे का ते पाहावे. ज्यांचे व्हायचे आहे त्यांनी चाळीस लाखांची ती बेरीज आपल्या आकड्यांनी मांडून आणावी. कागद दुसरीला दाखवायचा नसेल तर दाखवू नये; वाचायचा कसा तेवढे शिकून घरी जाऊन वाचावा. आणि प्रत्येकीने एक जाड कापडी पिशवी शिवावी. करार, इंडेक्स दोन, शेअर दाखला, भोगवटा दाखला, कर्जाचा उतारा, विम्याचा कागद, घरपट्टीची पावती एवढे त्यात ठेवावे, आणि ती पिशवी कोठे आहे हे नवरा, बायको आणि मोठे मूल या तिघांना ठाऊक असावे.

आपल्या मंडळातल्या ज्या भगिनी आज भाड्याच्या खोलीत राहतात, त्यांना लवकर स्वतःचे घर मिळो आणि त्याच्या दारावर व कागदावर दोघांचे नाव लागो, अशी इच्छा करते.